कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी

वाचकाचं पत्र:

"मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. निपाणी परिसरातल्या एका धर्मादाय संस्थेच्या 50 खाटांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम करते. संस्थापक डॉक्टर वयामुळे बाजूला झाले आणि यंदा सगळा कारभार माझ्याकडे आला. विश्वस्तांना 6 खाटांचा आयसीयू आणि सीटी स्कॅन हवा आहे. त्यासाठी 3 कोटींचं कर्ज काढायचं चाललंय. 'नाहीतर पेशंट कोल्हापूर-बेळगावला जातो' असं त्यांचं म्हणणं. प्रसूती विभाग तोट्यात आहे, तो बंद करावा, असंही एक विश्वस्त म्हणतात. महिन्याला 35 बाळंतपणं होतात. 22 नर्स आहेत, पण वर्षभरात 9 जणी सोडून गेल्या. सरकारी योजनांचे पैसे चार-चार महिने येत नाहीत. त्यात बोर्ड कोणत्या भाषेत यावरून कुरबुर. संस्थापक डॉक्टर अजून रोज येऊन बसतात आणि लोक त्यांनाच विचारतात. मला डॉक्टरकी येते, हे काम येत नाही असं वाटायला लागलंय. सुरुवात कुठून करू?"

– एक वाचक, निपाणी परिसर

नमस्कार डॉक्टर,

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला मान्य नाही. खाटा किती, नर्स किती गेल्या, पैसे किती महिने अडकले, हे ज्या माणसाला न विचारता सांगता येतं त्याला हे काम येतं. तुम्ही एकाच वेळी पाच-सहा प्रश्न हातात घेतलेत म्हणून गुदमरल्यासारखं झालंय. ते एकमेकांत गुंतलेले आहेत, पण त्यातला एक आधी सुटला तर बाकीचे हलके होतात. तो म्हणजे: तुमचा दवाखाना नेमकं काय करणार आणि काय करणार नाही.

"पेशंट कोल्हापूरला जातो" हे विश्वस्तांचं वाक्य खरं असेल, पण त्यावरून 3 कोटींचा निर्णय होत नाही. कोण जातो, कशासाठी, दिवसा की रात्री, आणि तुमच्या दारात येऊन जातो की न येताच? गेल्या वर्षाचं रेफरल रजिस्टर काढा. तुमच्याकडून पुढे पाठवलेला प्रत्येक रुग्ण, कारण, वेळ आणि गाव, एवढंच एका वहीत उतरवून घ्या. एखाद्या हुशार नर्सला दोन आठवडे त्यासाठी मोकळं करा. माझा अंदाज असा की मोठा भाग तीन-चार कारणांतच निघेल: रात्री भूलतज्ज्ञ मिळाला नाही, रक्त नव्हतं, छातीत दुखत होतं, अपघातात डोक्याला मार होता. यातल्या पहिल्या दोन कारणांवर सीटी स्कॅनचा काहीच इलाज नाही.

आता आयसीयूचा हिशेब करू, कारण विश्वस्तांसमोर तुम्हाला तोच मांडावा लागणार आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स आणि बाकीच्या दोन रुग्णांमागे एक, हे प्रमाण सर्वमान्य आहे. 6 खाटांत 2 व्हेंटिलेटर धरले तर एका पाळीला 4 नर्स लागतात. आठवड्याचे तास 168, एका नर्सचे 48. म्हणजे चोवीस तासांची एक जागा भरायला साडेतीन माणसं. सुट्या, आजारपण, बाळंतपणाची रजा धरली की साडेचार. चार जागांना 18 नर्स. तुमच्याकडे सगळ्या विभागांत मिळून 22 आहेत आणि त्यातल्या टिकत नाहीत. यावर चोवीस तास हजर असणारे चार-पाच डॉक्टर वेगळे. कर्जाचं म्हणाल तर 3 कोटी, सात वर्षं, दहा टक्के धरले तरी महिन्याचा हप्ता जवळपास 5 लाख. सीटीला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, वर्षाचा देखभाल करार, आणि कधीतरी बदलावी लागणारी महागडी ट्यूब, हे हप्त्याच्या बाहेरचं. विश्वस्त शेतकरी असतील, तंबाखूचे व्यापारी असतील. पैशाचं गणित त्यांना तुमच्या-माझ्याहून चांगलं कळतं. त्यांना कोणी ते कागदावर मांडून दाखवलेलं नसतं, एवढंच.

याचा अर्थ अत्यवस्थ रुग्णाकडे पाठ फिरवायची असा अजिबात नाही. निपाणी ते कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर आणि बेळगाव 75 च्या आसपास. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी मिळणार असेल तर ती सर्वांत चांगली. कोल्हापुरात ती मिळू शकते, पण तुमच्या दारात अर्धा तास वाया गेला नाही तरच. म्हणून तुमचं काम: दहा मिनिटांत ईसीजी, तो फोनवर हृदयरोगतज्ज्ञाकडे, अ‍ॅस्पिरिन तोंडात, आणि गाडी निघण्याआधी पलीकडच्या कॅथलॅबला, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागाला, फोन. रस्ता बंद असेल किंवा उशीर होणार असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तुमच्याच दवाखान्यात. कर्नाटक सरकारने पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुका रुग्णालयांसाठी हीच पद्धत धरली आहे: मोठ्या केंद्रातला तज्ज्ञ ईसीजी वाचतो आणि टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तालुक्यातच दिलं जातं. हे करायला 2 खाटांची नीट सांभाळलेली इमर्जन्सी खोली, शिकलेल्या चार-पाच नर्स आणि कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाशी लेखी करार पुरतो. 3 कोटी लागत नाहीत.

सर्पदंशाचंही तेच. ऊसपट्ट्यात तोडणी सुरू झाली की रुग्ण येणारच. कर्नाटकाने 2024 मध्ये सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार ठरवला, तेव्हा त्याची नोंद आता तुम्हाला द्यावीच लागते. त्यात यंत्र कोणतं लागतं? एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी. दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकं करून पाहायचं; रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं समजून प्रतिसर्पविष सुरू. नळी प्लॅस्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेली तर मुळीच नाही, कारण मग निकाल चुकतो. रात्रपाळीच्या नर्सला ही नळी कोणत्या कप्प्यात आहे हे दिवा गेला तरी सापडलं पाहिजे. प्रतिसर्पविषाच्या निदान वीस-तीस कुप्या फ्रिजमध्ये आणि मुदत पाहायची जबाबदारी एका नावावर. नाग-मण्यारीच्या विषात श्वास बंद पडतो, तिथे अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत कोल्हापूरपर्यंत नेणारा माणूस हवा. अशा रुग्णाचा जीव तुमच्या दवाखान्यात वाचला की तालुक्यात तुमचं नाव सीटीच्या बोर्डाने होणार नाही एवढं होतं.

प्रसूती विभागाबद्दल मला ठाम सांगायचं आहे: बंद करू नका. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात बाई दोन तासांत जाऊ शकते, आणि 40 किलोमीटरचा रस्ता त्यातलेच तास खातो. विडी वळणाऱ्या बायांमध्ये आणि तोडणीच्या टोळ्यांतल्या बायांमध्ये रक्त आधीच कमी असतं. त्यांना हा रस्ता परवडतच नाही. पण विभाग अर्धवट चालवणंही धोक्याचं आहे. "सिझेरियन दिवसा होतं, रात्री बघू" अशा विभागावर बायका विसंबतात आणि नेमक्या रात्री अडकतात. मग तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, भूलतज्ज्ञ. चोवीस तास पगारावर ठेवणं तुम्हाला झेपणार नाही, पण निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातले दोन-तीन छोटे दवाखाने एकत्र येऊन महिन्याचं वेळापत्रक वाटून घेऊ शकतात. केसमागे फी आणि हजर राहण्याचा वेगळा ठरलेला मोबदला. महाराष्ट्रातून येणारा डॉक्टर असेल तर त्याची कर्नाटक वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी पूर्ण आहे का ते आधी पाहा. हे बरेच ठिकाणी राहून जातं आणि अडचण झाली की तेच पहिलं बाहेर येतं. दुसरी, रक्त. परवानाधारक रक्तकेंद्राशी जोडून घेऊन औषध नियंत्रण खात्याच्या मान्यतेने रक्त साठवण केंद्र सुरू करता येतं. ते स्वतःची ब्लड बँक काढण्याहून कितीतरी सोपं आहे.

आणि एक स्वस्त गोष्ट. 2023 मध्ये ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 रुग्णालयांतला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची, रक्त डोळ्यांनी अंदाजण्याऐवजी मोजायचं, आणि ठरलेली रेषा ओलांडली की गर्भाशयाचं मालिश, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकाच दमात सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन किंवा मृत्यू हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं. तुम्ही स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहात, हे तुमच्याच खोलीत पुढच्या सोमवारी सुरू होऊ शकतं.

तोट्याचं सांगायचं तर 35 बाळंतपणांवर लेबर रूमचा पूर्ण ठरलेला खर्च टाकला तर विभाग तोट्यात दिसणारच. पण बाळंतपणाला आलेलं घर पुढे बाळाच्या लसीला, सासूच्या साखरेला, नवऱ्याच्या हर्नियाला तुमच्याकडे येतं. या कुटुंबांची वर्षभराची बिलं एकत्र करून विश्वस्तांना दाखवा.

थकबाकीबद्दल. आयुष्मान भारतच्या नियमाने राज्यातल्या रुग्णाचा क्लेम 15 दिवसांत आणि परराज्यातल्या रुग्णाचा 30 दिवसांत मिटायला हवा. प्रत्यक्षात चार महिने लागतात म्हणता, तर त्याचा अर्थ तुमचा दवाखाना सरकारला बिनव्याजी उसने देतोय. महिन्याला योजनेची बिलं 15 लाखांची धरली तर 60 लाख कायमचे बाहेर. यात काही उशीर वरचा असतो, त्यावर तुमचा इलाज नाही. पण काही उशीर आपल्याच टेबलावरून सुरू होतो: ऑपरेशनच्या नोंदीत वेळ नाही, फोटो अस्पष्ट, डिस्चार्ज समरीतलं निदान आणि मंजुरीतलं निदान वेगळं, मग क्वेरी येते आणि ती कोणी आठ दिवस उघडतच नाही. क्वेरीचं उत्तर चोवीस तासांत गेलं पाहिजे, आणि त्यासाठी एक माणूस फक्त हेच करणारा ठेवा. नाकारलेल्या क्लेमची कारणं महिन्याला लिहून काढा. मग कोणतं पॅकेज तुम्हाला परवडतं, कोणतं नाही, ते दिसेल. योजनेच्या उत्पन्नाचा वाटा किती चालेल याची एक मर्यादा विश्वस्तांकडून ठरवून घ्या आणि तीन महिन्यांचे पगार हात न लावता बाजूला ठेवा. हे होईपर्यंत कोणतंही कर्ज नको, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

सीमेवरच्या दवाखान्याला योजनांचा आणखी एक पेच असतो. निपाणीतला माणूस कर्नाटकाचं बीपीएल कार्ड घेऊन येतो, कागलचा महाराष्ट्राचं रेशनकार्ड, आणि दोघं एकमेकांचे सोयरे असतात. कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आणि इतरांना उपचाराच्या पॅकेजचे 30 टक्के, दीड लाखांच्या मर्यादेत, असं आरोग्य कर्नाटक योजनेचं स्वरूप. बऱ्याच उपचारांना सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं, ठरावीक तातडीच्या उपचारांना लागत नाही. सहकारी संस्थांच्या सभासदांना यशस्विनी योजना आहे, तीही 5 लाखांची. साखर कारखाना आणि दूध संघाच्या घरांत ती सापडते पण त्यांच्या लक्षातच नसते. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला. या वादात दवाखान्याने पडू नये. तुमच्या काउंटरवर एकच पान लावा: कोणत्या कार्डाला आपल्याकडे काय मिळतं, आणि जे मिळत नाही ते कुठे मिळतं. लेखी मंजुरी हातात नसताना "होऊन जाईल" असा शब्द कोणी रुग्णाला देऊ नये. माणूस जमीन गहाण टाकून येतो, त्याला खोटी आशा दिलेली सहन होत नाही.

बोर्डाचा प्रश्न चटकन संपवा. कायद्याने पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, ते करा, उरलेल्या जागेत मराठी लिहा. ज्यावर जीव अवलंबून आहे ती भाषा पाटीवर नसते, ती गोळ्यांच्या कागदावर आणि संमतीपत्रावर असते. '1-0-1' हे आपल्याला कळतं. आजीला कळत नाही. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने आणि वर सूर्य-चंद्राची चित्रं असलेला कागद छापून घ्या, मराठी आणि कन्नड दोन्हीत, आणि नर्सने तो आजीकडून उलट वदवून घ्यावा. मराठी घरातली नर्स आणि कन्नड घरातली नर्स एका पाळीत ठेवल्या तर दोघी एकमेकींकडून शिकतात.

नर्सबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. 22 नर्सच्या दवाखान्यातून वर्षात 9 गेल्या, हा तुमच्या दवाखान्याचा खरा आजार आहे. त्या 9 जणींना फोन करा, जमलं तर तुम्ही स्वतः. पगाराचं कारण त्या सगळ्याच सांगतील, पण थोडं बोलू दिलंत तर दुसरं काही निघेल: रात्रपाळी संपल्यावर घरी जायला वाहन नाही, वेळापत्रक आदल्या दिवशी कळतं, नातेवाईक अंगावर धावून आले तेव्हा कोणी मागे उभं राहिलं नाही. पहिली दोन कारणं महिनाभरात सुटतात: पाळ्या महिना आधी लावा, आणि पहाटेच्या पाळीला एक गाडी. तिसऱ्यासाठी कर्नाटकात 2009 चा वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्धचा कायदा आहे. पण कायद्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशा रात्री तुम्ही किंवा एखादा विश्वस्त तिथे येऊन तिच्या बाजूने उभं राहणं. पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करून विडी कामगारांच्या घरातल्या हुशार मुलींचं जीएनएमचं (नर्सिंगच्या पदविकेचं) शिक्षण संस्थेने करावं आणि बदल्यात तीन वर्षं सेवा मागावी. या मुली कोल्हापूर-पुण्याला जातील म्हणून घाबरू नका. काही जातील, काही राहतील, आणि राहणाऱ्या गावाच्या असतील. त्यांच्या आईच्या पिढीसाठी एक संध्याकाळची ओपीडीही सुरू करा. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. सकाळी दवाखान्यात बसलेली बाई तेवढ्या विड्या बुडवते, म्हणून ती खोकला महिनोन्‌महिने अंगावर काढते आणि टीबी उशिरा सापडतो.

औषध खरेदीकडेही एक नजर टाका. नोव्हेंबर 2024 मध्ये बळ्ळारीच्या जिल्हा रुग्णालयात सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या आणि रिंगर लॅक्टेट सलाईनच्या दर्जावर बोट ठेवलं गेलं. तुमच्याकडे कोणत्या रुग्णाला कोणत्या बॅचची बाटली लागली हे उद्या कोणी विचारलं तर सांगता येईल का? नसेल तर केसपेपरवर बॅच नंबर लिहायची सवय आजपासून.

पावसाळ्याचा बंदोबस्त मे महिन्यात व्हायला हवा. ऑगस्ट 2019 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि कोल्हापूरकडची वाट बंद झाली. 2021 च्या जुलैतही तेच. त्या काळात तुमच्याशिवाय या भागाला कोणी नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाळंत होणाऱ्या धोक्याच्या बायांची यादी, ऑक्सिजन आणि प्रतिसर्पविषाचा साठा, डिझेल, डायलिसिसवरच्या रुग्णांना आधीच कुठे हलवायचं, हे एका पानावर असू द्या. रुग्णवाहिकेचंही तपासा. 108 दोन्ही राज्यांत आहे पण यंत्रणा वेगळ्या. फोन पलीकडच्या टॉवरला लागला की कॉल पलीकडच्या केंद्रात जातो. तुमच्या नर्सना दोन-तीन खासगी चालकांचे नंबर पाठ हवेत.

राहिले संस्थापक डॉक्टर. लोक त्यांना विचारतात यात तुमचा कमीपणा नाही. ज्या माणसाने दवाखाना उभा केला त्याच्यावर लोकांचा जीव असतोच. कोल्हापूर, मिरज आणि बेळगावच्या डॉक्टरांशी त्यांची वर्षानुवर्षांची ओळख असेल. रेफरलचे करार करायला त्यांनाच पुढे करा, त्यांच्या एका फोनने जे होईल ते तुमच्या पाच पत्रांनी होणार नाही. मात्र नेमणुका, खरेदी आणि पाळ्या यांचा शेवटचा शब्द तुमचा, हे विश्वस्तांच्या ठरावात लेखी करून घ्या. तो ठराव बैठकीत अचानक मांडू नका. रेफरलची वही आणि नर्सचा हिशेब तयार झाला की आधी संस्थापक डॉक्टरांच्या घरी जा, कागद त्यांच्या हातात द्या, त्यांचं सगळं ऐकून घ्या, आणि त्यांनी सुचवलेली एखादी दुरुस्ती खरोखरच पटली तर ती करूनच मग विश्वस्तांना पाठवा.